न गंजणारा पूल शक्य आहे का? तंतुप्रबलित संमिश्र पटलांचे बल आणि त्यांच्या मर्यादा

बंगळुरू : मुंबईहून पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव असा दक्षिणेकडे उतरणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ बंगळुरू शहरात प्रवेश करतो तो पीण्या औद्योगिक वसाहतीवरील उड्डाणपुलावरून. सुमारे चार किलोमीटर लांबीचा हा पूल २०१० मध्ये वाहतुकीस खुला झाला होता. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, २५ डिसेंबर २०२१ रोजी, तो एकाएकी बंद करावा लागला. गाळ्यांना ताणून धरणाऱ्या पोलादी केबलींमध्ये दोष आढळला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये हलकी वाहने पुन्हा पुलावर आली. परंतु मालमोटारी आणि बस यांना जुलै २०२४ पर्यंत वाट पाहावी लागली. दरम्यान भारतीय विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांचा सल्ला घेऊन केबली बदलण्याचे काम करण्यात आले. कोल्हापूर-बेळगावकडून येणारा अवजड माल अडीच वर्षे खालच्या अरुंद रस्त्यांवरून वाट काढत होता.

गोव्याला याहून कठोर अनुभव ३५ वर्षे आधीच आला होता. १९७०च्या दशकाच्या आरंभी बांधलेला मांडवी नदीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला आणि पणजीचा उत्तर गोव्याशी असलेला थेट रस्ता तुटला. खाऱ्या, दमट हवेत केबलींना लागलेला गंज हे त्या दुर्घटनेचे प्रमुख कारण मानले गेले. मुंबईत १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसनजीकचा हिमालय पादचारी पूल कोसळल्यानंतर तो नव्याने उभारताना साध्या पोलादाऐवजी स्टेनलेस स्टील वापरण्यात आले. त्यामागेही समुद्रकाठच्या गंजाचाच विचार होता.

या घटनांची तांत्रिक कारणे एकसारखी नाहीत. तथापि, त्यांतून एक प्रश्न समान रीतीने पुढे येतो. पुलातील पोलाद काँक्रीटच्या आत दडलेले असते आणि ते गंजू लागले तरी बाहेरून बराच काळ दिसत नाही. मग मुळात गंजतच नाही असा पदार्थ पुलासाठी वापरता येईल का? तंतुप्रबलित बहुवारिक संमिश्रे, म्हणजेच अभियंत्यांच्या रोजच्या भाषेतील एफआरपी, हे या प्रश्नाचे गेल्या चार दशकांत सर्वाधिक चर्चिले गेलेले उत्तर आहे. ते कितपत पुरेसे आहे, हे समजण्यासाठी या पदार्थाची घडण आणि भाराखालील वर्तन पाहावे लागते.

पदार्थाची घडण

संमिश्रात दोन घटक असतात. काच, कार्बन किंवा अ‍ॅरामिड यांचे केसाहून बारीक तंतू भार पेलतात. पॉलिएस्टर, व्हिनिल एस्टर किंवा इपॉक्सी यांसारखे रेझिन त्या तंतूंना एकत्र बांधून ठेवते, भार एका तंतूकडून दुसऱ्याकडे पोहोचवते आणि त्यांचे पाण्यापासून व रसायनांपासून रक्षण करते. मातीच्या भिंतीत घातलेल्या तुसाचे तत्त्व येथेही लागू पडते. मात्र तंतूंची दिशा आणि प्रमाण येथे अभियंता ठरवतो. तंतूंच्या दिशेने पदार्थ अतिशय बलवान असतो, आडव्या दिशेने त्याचे बल पुष्कळ कमी असते. पोलादासारखा सर्व दिशांना सारखा वागणारा हा पदार्थ नव्हे, ही गोष्ट संरचनेच्या प्रत्येक टप्प्यावर ध्यानात ठेवावी लागते.

पुलांसाठी प्रामुख्याने काचतंतूंचा वापर होतो, कारण कार्बन तंतू बरेच महाग पडतात. तंतू रेझिनमध्ये बुडवून तापलेल्या साच्यातून अखंड ओढून काढण्याच्या पल्ट्रुजन पद्धतीने पोकळ नळ्या, पट्ट्या आणि सळया तयार होतात. मोठी पटले तयार करण्यासाठी साच्यात कोरडे तंतू अंथरून निर्वाताच्या साहाय्याने त्यांत रेझिन शोषून घेण्याची पद्धतही वापरली जाते.

वजनाचे गणित

पुलावर ज्या सपाट पृष्ठभागावरून वाहने धावतात त्याला डेक किंवा बोलीभाषेत स्लॅब म्हणतात. तो चाकांचा भार थेट झेलतो आणि खालच्या गर्डरांकडे सोपवतो. पावसाचे पाणी, सांडलेले तेल, उन्हाचा ताप आणि चाकांचे धक्के हे सर्व प्रथम त्याच्याच वाट्याला येते. त्यामुळे पुलाचा सर्वांत आधी जीर्ण होणारा भाग बहुधा हाच असतो.

२०० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीट स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरते. तेच काम करणाऱ्या काचतंतूंच्या पोकळ पटलाचे वजन साधारणतः १०० किलोच्या आसपास असते. १० मीटर लांब आणि ७.५ मीटर रुंद अशा एका गाळ्याचा हिशेब केला, तर क्षेत्रफळ ७५ चौरस मीटर होते. काँक्रीट स्लॅब ३७.५ टनांचा आणि संमिश्र पटल ७.५ टनांचे. म्हणजे एका लहानशा गाळ्यावरून ३० टनांचा कायमचा बोजा उतरतो. जुन्या पोलादी गर्डरांच्या पुलावर ही बचत निर्णायक ठरू शकते. कारण गर्डर आणि पाया तेच ठेवून, स्वतःच्या वजनाऐवजी वाहनांचा अधिक भार पेलण्याची क्षमता त्या पुलाला मिळते. कारखान्यात तयार झालेली पटले लहान क्रेनने उचलून बसवता येतात आणि काँक्रीटला बळ येण्यासाठी आठवडे थांबण्याची गरज राहत नाही. ज्या रस्त्याला पर्यायी मार्ग नाही, तेथे हा लाभ पैशांत सहज मोजता येत नाही.

बल पुरेसे, प्रश्न ताठपणाचा

पदार्थाचे बल आणि त्याचा ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किती भाराला पदार्थ तुटेल, हे बल सांगते. भाराखाली तो किती वाकेल, हे ताठपणा सांगतो. पोलादाचा प्रत्यास्थता गुणांक, म्हणजे ताठपणाचे माप, सुमारे २०० गिगापास्कल आहे. पल्ट्रुजनने तयार केलेल्या काचतंतू संमिश्रात तो तंतूंच्या दिशेने साधारण २० ते ४० गिगापास्कल इतकाच असतो. काँक्रीटचाही गुणांक २५ ते ३५ गिगापास्कलच्या आसपास असतो. परंतु काँक्रीट स्लॅब भरीव असतो, तर संमिश्र पटल वजन वाचवण्यासाठी पोकळ ठेवलेले असते.

म्हणूनच संमिश्र पटलाची जाडी बहुधा ते मोडेल या भीतीने ठरत नाही. ते किती लवेल यावरून ठरते. वाहनभाराखाली होणारी लवण गाळ्याच्या लांबीच्या एक आठशांशापेक्षा अधिक नसावी, अशी मर्यादा पुलांच्या संरचनेत सर्रास पाळली जाते. २.४ मीटर अंतरावरील दोन गर्डरांमध्ये याचा अर्थ केवळ ३ मिलिमीटर होतो. पटलांच्या बाबतीत ही मर्यादा काही ठिकाणी थोडी सैल ठेवली जाते. पण फार सैल ठेवली तर पटल मोडत नसले तरी वरचा डांबरी किंवा पॉलिमर काँक्रीटचा थर तडकतो आणि सांधे उघडतात. प्रयोगशाळेतील चाचण्यांत चांगल्या घडणीची पटले अपेक्षित चाकभाराच्या कित्येक पट भार सोसल्यानंतरच मोडलेली दिसतात. हा आकडा दिलासा देणारा असला, तरी प्रत्यक्ष पुलावरील आयुष्याची हमी त्यातून मिळत नाही.

भारतात हे भार इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ६ या संहितेने ठरवून दिले आहेत. त्यातील अ वर्गाच्या वाहनमालिकेचे एकूण वजन सुमारे ५५ टन असून तिच्या सर्वांत जड आसावर ११.४ टन भार येतो. ७०-आर वर्गातील चाकांच्या वाहनाचे वजन १०० टन आणि साखळीपट्ट्यांच्या वाहनाचे ७० टन धरले जाते. संपूर्ण गर्डरासाठी एकूण वजन महत्त्वाचे असते. डेकसाठी मात्र एकेका चाकाखाली, टायरच्या ठशाएवढ्या जागेत येणारा दाब अधिक घातक ठरतो. त्या ठशाखाली पोकळ नळीची वरची पट्टी वाकते, उभ्या भिंती चिरडल्या जाण्याची किंवा त्यांना बाक येण्याची शक्यता निर्माण होते, आणि चिकटवलेले सांधे सुटू पाहतात. आयआयटी मद्रास येथे काचतंतूंच्या बहुकोशी पटलांवर भारतीय भारमानकांच्या संदर्भात अशा चाचण्या झालेल्या आहेत.

पोलाद इशारा देते, संमिश्र देत नाही

पोलादावर मर्यादेपलीकडे ताण आला की ते आधी लांबते आणि वाकते. तुटण्यापूर्वीचे हे वाकणे म्हणजे वापरणाऱ्याला मिळालेला इशारा असतो. संमिश्र शेवटच्या क्षणापर्यंत सरळ रेषेत भार पेलत जाते आणि मग अकस्मात तुटते. अभियंते यावर दोन प्रकारे उपाय करतात. पहिला म्हणजे प्रत्यक्ष वापरातील ताण तुटण्याच्या ताणाच्या अगदी खाली ठेवणे. काचतंतूंच्या सळयांवरील दीर्घकालीन ताण त्यांच्या अंतिम बलाच्या साधारण पाचव्या हिश्श्यापुरता मर्यादित ठेवण्याची शिफारस अमेरिकी काँक्रीट संस्थेने केली आहे. कारण सतत ताणाखाली काच कालांतराने, वाढीव भार न येताही, तुटू शकते. दुसरा उपाय म्हणजे एक भाग निकामी झाला तरी भार शेजारच्या भागांकडे वळेल अशी रचना करणे.

याखेरीज पदार्थाच्या आतील पापुद्रे सुटण्याचा धोका असतो. तंतूंचे थर एकमेकांना केवळ रेझिनने जोडलेले असतात. जड वस्तू आदळल्याने, निर्मितीतील हवेच्या बुडबुड्यांमुळे किंवा लक्षावधी चाकफेऱ्यांच्या थकव्याने हे थर आतल्या आत विलग होऊ शकतात. वरून पटल अखंड दिसते. गंजाप्रमाणेच हाही लपलेला दोष आहे. त्यामुळे गंज गेला म्हणून तपासणीची गरज संपली, असे मानता येत नाही. हातोडीने ठोकून आवाज ऐकणे, अवरक्त छायाचित्रण आणि ध्वनिलहरींची तपासणी या पद्धतींनी असे विलग झालेले थर शोधता येतात.

ऊन, पाणी आणि डांबर

बहुतेक रेझिन १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होऊ लागते. रस्त्यावरील डांबरमिश्रण मात्र १४० अंशांहून अधिक तापमानाला पसरले जाते. त्यामुळे नेहमीचा डांबरी थर थेट संमिश्र पटलावर घालणे जोखमीचे ठरते, आणि बहुधा थंड स्थितीत लावता येणाऱ्या पॉलिमर काँक्रीटचा पातळ थर निवडला जातो. आगीच्या बाबतीतही हाच धोका आहे. पुलाखाली कचरा पेटवला जाणे किंवा वाहनाने पेट घेणे या आपल्याकडे कल्पित गोष्टी नाहीत.

पोकळ पटलातून उष्णता लवकर आरपार जात नाही. दुपारच्या उन्हात वरची पट्टी तापते, खालची थंड राहते आणि पटल मध्यभागी वर उचलले जाऊ पाहते. गर्डराशी असलेल्या जोडांवर त्यामुळे रोज ताण येतो आणि रोज सुटतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळुरूत हा फरक सुसह्य असला, तरी विदर्भातील उन्हाळ्यात त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. काचतंतूंना ओलावा आणि काँक्रीटमधील अल्कली यांचाही उपद्रव होतो. त्यांपासून मुख्य संरक्षण रेझिनचे असल्याने व्हिनिल एस्टर रेझिनला प्राधान्य दिले जाते. अतिनील किरणांनी पृष्ठभाग खडबडीत होऊ नये म्हणून त्यावर संरक्षक थर लागतो.

जगाचा अनुभव

चीनमधील बीजिंगनजीकच्या मियुन येथे १९८२ मध्ये काचतंतू संमिश्राचा सुमारे २० मीटर गाळ्याचा वाहतूक पूल बांधण्यात आला. स्कॉटलंडमधील अ‍ॅबरफेल्डी येथे १९९२ मध्ये टे नदीवर ६३ मीटर मुख्य गाळ्याचा पादचारी पूल उभा राहिला. अमेरिकेत कॅन्सास राज्यातील नो-नेम क्रीक या ओढ्यावर १९९६ मध्ये संपूर्ण संमिश्राचा छोटा वाहतूक पूल टाकण्यात आला. हे पहिले टप्पे उत्साहवर्धक होते.

पुढचे धडे अधिक मोलाचे ठरले. ओहायो राज्यातील डेटन येथे सेलम अ‍ॅव्हेन्यूवरील पुलावर १९९९ मध्ये चार वेगवेगळ्या प्रकारची संमिश्र पटले शेजारी शेजारी बसवण्यात आली. थोड्याच काळात पापुद्रे सुटणे, पाणी आत शिरणे, गर्डर आणि पटल यांच्यातील टेकणीत फट पडणे अशा तक्रारी नोंदवल्या गेल्या. ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात मॉरिसन या उचलत्या पुलावर या दशकाच्या आधीच्या दशकात बसवलेले संमिश्र डेक काही वर्षांतच सैल होऊन तडकले आणि त्याजागी पुन्हा पोलादी जाळीचे डेक टाकावे लागले. या दोन्ही उदाहरणांतून अभियंत्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की संमिश्र पटलाची खरी परीक्षा त्याच्या मधल्या भागात नव्हे, तर सांध्यांत होते. पटलाचा पटलाशी, पटलाचा गर्डराशी आणि पटलाचा वरच्या थराशी असलेला जोड जेवढा टिकतो, तेवढेच डेक टिकते.

मधला मार्ग : सळया

संपूर्ण संमिश्र पटलाऐवजी काँक्रीटच्याच स्लॅबमध्ये पोलादी सळयांच्या जागी काचतंतूंच्या सळया वापरण्याचा मार्ग आज अधिक रुळलेला आहे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील मॅकिनलीव्हिल येथील पुलाच्या डेकमध्ये १९९६ मध्ये अशा सळया वापरण्यात आल्या. कॅनडात पाच ते आठ वर्षे वापरात असलेल्या पाच बांधकामांतून नमुने काढून तपासले असता काचतंतूंचा ऱ्हास झाल्याचे आढळले नाही. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या त्या देशात हा निष्कर्ष महत्त्वाचा मानला गेला.

या सळया पोलादाच्या साधारण चौथाई वजनाच्या असतात आणि त्यांचे ताणबल नेहमीच्या पोलादी सळईपेक्षा अधिक असते. ताठपणा मात्र ४५ ते ६० गिगापास्कल, म्हणजे पोलादाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असतो. परिणामी काँक्रीटमधील भेगा अधिक रुंद होतात आणि स्लॅब अधिक लवतो. म्हणून सळयांची संख्या वाढवावी लागते. शिवाय त्या कामाच्या जागी वाकवता येत नाहीत. प्रत्येक वळण कारखान्यातच घडवून आणावे लागते आणि त्या वळणापाशी बल घटते. सळई आगीवर तापवून किंवा पट्टीवर वाकवून वेळ मारून नेण्याची सवय असलेल्या कामगारांना आणि मुकादमांना त्यासाठी नवे प्रशिक्षण लागेल.

भारतात या वापरासाठी नियमांची चौकट आकार घेत आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने रस्ते प्रकल्पांतील तंतुप्रबलित सळयांसाठी आयआरसी १३७ ही मार्गदर्शिका २०२२ मध्ये आणली, तर भारतीय मानक ब्युरोने काचतंतू सळयांसाठी आयएस १८२५६ हे मानक २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. युरोपात संपूर्ण संमिश्र बांधकामांच्या संरचनेसाठीचा तांत्रिक दस्तऐवज २०२२ मध्ये निघाला. सळई हा प्रमाणित करता येण्याजोगा पदार्थ आहे. पटलाची घडण मात्र निर्मात्यागणिक बदलते. त्यामुळे प्रत्येक प्रकारच्या पटलाची स्थिर भाराची, थकव्याची आणि सांध्यांची स्वतंत्र चाचणी घेण्याला पर्याय नाही.

विमानांचे शहर आणि पूल

संमिश्रांचे ज्ञान बंगळुरूला नवे नाही. ४ जानेवारी २००१ रोजी याच शहराच्या आकाशात प्रथम झेपावलेल्या हलक्या लढाऊ विमानाच्या, म्हणजे तेजसच्या, सांगाड्याचा वजनाने सुमारे ४५ टक्के भाग संमिश्रांचा आहे. राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने त्यासाठी कार्बन तंतूंचे भाग घडवण्याचे तंत्र विकसित केले. तिचे हंसा हे प्रशिक्षण विमानही संमिश्रांचेच आहे. पुण्याजवळील दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेने आखलेला आणि गोव्यातील कारखान्यात घडवलेला युद्धनौकेचा संमिश्र सोनार घुमट २०१६ मध्ये नौदलाकडे सोपवण्यात आला.

तरीही विमानाचा पंख आणि पुलाचे पटल यांत मोठे अंतर आहे. पंखाचा भाग बंद भट्टीत नियंत्रित दाबाखाली आणि तापमानात घडतो, त्याचा प्रत्येक इंच तपासला जातो आणि विमान ठरावीक तासांनंतर हँगरमध्ये परत येते. पुलाकडून आपल्या संहितेनुसार साधारण १०० वर्षांच्या सेवेची अपेक्षा असते. तो उघड्यावर उभा राहतो, त्यावरून कायदेशीर मर्यादेपेक्षा जास्त माल भरलेली वाहने जातात आणि त्याची तपासणी वर्षानुवर्षे होत नाही. विमानातील किलोमागचा खर्च पुलाला परवडत नाही. म्हणून विमानक्षेत्राकडून पुलांनी घेण्यासारखी गोष्ट म्हणजे महागडा कार्बन तंतू नव्हे, तर प्रत्येक भागाची नोंद ठेवण्याची आणि ठरल्या वेळी तपासणी करण्याची शिस्त होय.

कोठे उपयुक्त, कोठे नाही

संमिश्र पटलाचा प्रारंभीचा खर्च काँक्रीट स्लॅबपेक्षा बराच जास्त असतो. त्यामुळे प्रत्येक नव्या पुलासाठी ते योग्य नाही. जुन्या पोलादी पुलाची भारक्षमता वाढवायची असेल, वाहतूक फार काळ थांबवणे शक्य नसेल, किंवा बांधकाम कोकण-गोव्यासारख्या खाऱ्या हवेत असेल, तर दीर्घकालीन खर्चाच्या तुलनेत त्याचा विचार होऊ शकतो. पादचारी पूल, पुलांच्या कडेचे पदपथ आणि तपासणीसाठीचे मचाण हे तुलनेने कमी जोखमीचे आरंभबिंदू आहेत. किनारपट्टीवरील नव्या काँक्रीट डेकसाठी काचतंतूंच्या सळया हा अधिक व्यवहार्य पर्याय ठरतो.

पीण्या येथील प्रश्न डेकच्या पटलाचा नव्हता, केबलींचा होता. संमिश्र पटल बसवल्याने तो सुटला नसता. न गंजणाऱ्या कार्बन केबली जगात उपलब्ध आहेत, पण त्यांची पकड टिकवणारे टोकाचे जोड हा पुन्हा काळजीचाच विषय आहे. पदार्थ कोणताही असला, तरी त्याच्या आत काय चालले आहे हे वेळेत कळण्याची व्यवस्था पुलासोबतच उभारावी लागते. नव्या पदार्थाची निविदा काढताना त्याच निविदेत तपासणीची पद्धत, तिचे वेळापत्रक आणि तिचा खर्च लिहिला गेला, तर वाहतूक थांबवण्याची वेळ येण्याआधी दुरुस्तीची वेळ ठरवता येईल.